स्टेन्सिलसाठी फॉन्ट निवडताना: आधी शीट, मग रंग, अक्षराचं रूप शेवटी

फॉन्टच्या नावात 'स्टेन्सिल' आहे म्हणून तो कापता येईलच असं नाही. बाजारात आणि इंटरनेटवर मिळणारे बरेच स्टेन्सिल फॉन्ट नुसत्या देखाव्यासाठी केलेले असतात. पोस्टरवर किंवा लेबलवर छापले की खोक्यावर रंगवल्यासारखे वाटावेत, इतकंच त्यांचं काम. ते छापले तर उत्तम दिसतात. मायलरवर, म्हणजे पॉलिएस्टरच्या शीटवर, कापले तर तिसऱ्या वापरातच फाटतात. म्हणून फॉन्टची यादी उघडण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: अक्षरं खरोखर कापून त्यातून रंग भरायचा आहे, की नुसता तो बाज हवा आहे?

नुसता बाज हवा असेल तर हा लेख तुम्हाला फारसा लागणार नाही. आवडेल तो फॉन्ट घ्या, लायसन्स तपासा, कामाला लागा. एकदाच वापरायचं चिकट व्हिनाइल कापणार असाल तरी स्टेन्सिल फॉन्टची सक्ती नाही. 'ओ'च्या पोटातला गोल तुकडा ट्रान्सफर टेपबरोबर उचलला जातो आणि जागच्या जागी चिकटतो, त्यामुळे साध्या फॉन्टनेही काम होतं. सिल्क स्क्रीनचंही तसंच, तिथे आतले तुकडे जाळी धरून ठेवते. स्टेन्सिल फॉन्टची खरी गरज लागते ती पुन्हा पुन्हा वापरायच्या, हातात धरायच्या, पुसून ठेवायच्या शीटसाठी. पुढचं सगळं त्याबद्दल.

बेट आणि ब्रिज

बंद अक्षर कापलं की त्याच्या आतला तुकडा सुटून पडतो. त्याला बेट म्हणू. बेटाला बाहेरच्या शीटशी बांधून ठेवणारी अरुंद पट्टी म्हणजे ब्रिज. रोमन कॅपिटलमध्ये ए, बी, डी, ओ, पी, क्यू, आर ही बेटांची अक्षरं. आकड्यांत शून्य, चार, सहा, आठ, नऊ. बाकीच्यांना ब्रिजची गरज नसते, तरी चांगले फॉन्ट एस, सी, ई अशा अक्षरांतही काप देतात. एक कारण दिसण्याचं, सगळी अक्षरं एका घरची वाटावीत. दुसरं कारण मजबुतीचं: एसच्या वळणात अडकलेली लांब जीभ ब्रशबरोबर उचलली जाते, तिला मध्ये एक आधार मिळतो.

ब्रिज बघताना सगळ्यांचं लक्ष रुंदीकडे जातं. लांबीही तितकीच महत्त्वाची असते. ब्रिज जितक्या जाड रेषेला पार करतो तितकी त्याची लांबी. २० मिमी जाडीच्या ठसठशीत अक्षरात २ मिमीचा ब्रिज म्हणजे २० मिमी लांबीची लवलवती पट्टी. ब्रशच्या पहिल्याच दाबाने ती वाकते आणि खालून रंग शिरतो. तोच २ मिमीचा ब्रिज ५ मिमी जाडीच्या रेषेत दगडासारखा टिकतो. माझा ठोकताळा असा: प्लॅस्टिक शीटमध्ये ब्रिजची रुंदी त्याच्या लांबीच्या निदान पाव हवी, कागदी कार्डात एक तृतीयांश. म्हणजे जाड वजनाचा फॉन्ट आवडला असेल तर ब्रिजही जाड असलेलाच शोधावा लागतो.

संख्येचंही एक आहे. 'ओ'ला एकच ब्रिज दिला तर मधलं बेट बिजागरीवरच्या दारासारखं हलतं. समोरासमोर दोन हवेतच. अक्षर दीडशे मिमीच्या पुढे गेलं तर तीन किंवा चार.

फॉन्टचा ब्रिज मोजा

इथे पाच मिनिटं खर्च केली तर पुढचे बरेच तास वाचतात. पसंत पडलेल्या फॉन्टमध्ये बी, ओ, आर आणि आठ ही चिन्हं बरोबर १०० मिमी उंचीची करा. उंची फॉन्टच्या पॉइंटवरून धरू नका, अक्षराचीच मोजा. मग सर्वांत अरुंद ब्रिज किती मिमी भरतो ते पाहा. १०० मिमीला जितके मिमी, तितके टक्के.

समजा ब्रिज ५ मिमी भरला, म्हणजे ५ टक्के. तुमच्या शीटला किमान २ मिमीचा ब्रिज लागत असेल, तर २ भागिले ०.०५, म्हणजे ४० मिमी. या फॉन्टचं अक्षर ४० मिमीपेक्षा लहान कापायचं नाही. काम २५ मिमीचं असेल तर किमान ८ टक्के ब्रिजचा फॉन्ट हवा, किंवा ब्रिज स्वतः रुंद करावे लागतील.

उलट्या बाजूनेही हाच हिशोब लावा. भिंतीवर ४०० मिमीचं अक्षर काढताना ८ टक्के म्हणजे ३२ मिमीची फट. दुरून अक्षर तुटकं दिसतं. तेवढ्या मोठ्या कामाला ३ ते ४ टक्क्यांचा फॉन्ट सुबक दिसतो आणि टिकतोही. म्हणून कार्ड, खोकं आणि भिंत यांना एकच फॉन्ट लावण्याचा हट्ट धरला तर प्रत्येक आकारासाठी ब्रिज वेगळे करून तीन फाइली ठेवाव्या लागतात.

ब्रिजबरोबर रेषेची जाडीही टिपून ठेवा. २ मिमीहून अरुंद फटीत स्टेन्सिल ब्रशचे केस नीट उतरत नाहीत आणि रंग तुटक लागतो.

शीटप्रमाणे किमान माप

हातकामासाठी सर्वांत सोयीचं मायलर, म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म. ०.१९ मिमी जाडीचं मायलर कटिंग मशीनवरही जातं आणि सुरीनेही कापता येतं. ५० मिमीपर्यंतच्या अक्षरांना मी त्यात २ मिमीचा ब्रिज ठेवतो, त्यापुढे ३, आणि दीडशे मिमीच्या वर ५ ते ६. ०.२५ मिमीचं मायलर जास्त टिकतं, पण हाताने लहान वळणं कापताना बोटं दुखतात.

कार्डशीट स्वस्त पडते, पण रंगाचं पाणी पिऊन फुगते. ३ ते ४ मिमीच्या खाली ब्रिज नको. दोन-चार छापांचंच काम असेल तर ठीक.

प्लायवूड, एमडीएफ किंवा अ‍ॅक्रिलिक लेझरवर कापणार असाल तर दोन गोष्टी. ब्रिज शीटच्या जाडीपेक्षा कमी नको. ३ मिमीच्या शीटला किमान ३ मिमी. आणि अक्षराची रेषा शीटच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी, कारण जाड शीटच्या अरुंद फटीत स्प्रे तळापर्यंत पोहोचत नाही, कडा धुरकट उमटतात. लेझरची रेघ स्वतःही थोडं मटेरियल खाते, साधारण ०.१ ते ०.३ मिमी, आणि ब्रिजच्या दोन्ही कडांवर रेघ फिरते. काटेकोर मापाचा ब्रिज म्हणूनच कापल्यावर बारीक निघतो. पीव्हीसी किंवा व्हिनाइल लेझरखाली कधीही घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुफ्फुसांना आणि मशीनला दोघांनाही घातक.

धातूची शीट वर्षानुवर्षांच्या कामाला. तिथे ब्रिज अगदी अरुंद चालतो, १.५ ते २ मिमीसुद्धा. फक्त पातळ पत्र्यातल्या अरुंद ब्रिजला उष्णतेने बाक येतो, म्हणून कापणाऱ्याला आधी विचारून घ्या.

टोकदार कोपरे हा सगळ्या फिल्म आणि कागदी शीटचा शत्रू. फाटायला सुरुवात तिथूनच होते. दोन फॉन्टमध्ये मन अडकलं असेल तर कोपरे किंचित गोल असलेला घ्या. नाहीतर फाइलमध्ये आतल्या कोपऱ्यांना अर्धा मिमी गोलाई द्या. दिसण्यात फरक कळत नाही.

कशावर उमटवायचं

गुळगुळीत काच, पत्रा, रंगवलेलं लाकूड यांवर बारीक फॉन्ट चालतो. कच्च्या लाकडात रंग रेषारेषांतून आडवा धावतो, तिथे बारीक सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांची छोटी आडवी पाती, पुसट होतात. नालीदार पुठ्ठ्यावर जोरात दाबलं तर नाल्या चेपतात आणि अक्षराच्या आत पट्टे दिसतात. जाड, साधी रेषा त्यातूनही वाचता येते. गोणपाटासारख्या जाड विणीच्या कापडावर अक्षराची रेषा निदान पाच-सहा धाग्यांइतकी रुंद हवी, एरवी कड करवतीसारखी दिसते. सुती कापडावर कापडाचाच रंग वापरा, सुकल्यावर इस्त्रीने पक्का करा.

रंग पातळ असेल तर कोणताही फॉन्ट वाचवू शकत नाही. ब्रश जवळजवळ कोरडा, हात उभा, टपटप टेकवत जायचं. ओढायचं नाही. स्प्रे असेल तर नळी सरळ समोर धरायची आणि एका जाड थराऐवजी तीन हलके थर द्यायचे. तिरका स्प्रे ब्रिजच्या खाली शिरतो. काढता येणारा स्प्रे गोंद शीटच्या मागे हलका मारला तर बेटं सपाट बसतात, आणि मग थोडा नाजूक फॉन्टही झेपतो.

रोमन फॉन्ट: कोणत्या कामाला कोणता

स्टेन्सिल म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते जाड सेरिफचं, गोल खांद्यांचं कॅपिटल अक्षर. ते रूप १९३७ सालचं. त्या एकाच वर्षी अमेरिकेत 'स्टेन्सिल' नावाचे दोन टाइप आले, एक अमेरिकन टाइप फाउंडर्स या टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी गेरी पॉवेलने केलेला, दुसरा लडलो कंपनीसाठी रॉबर्ट हंटर मिडलटनने. दोन्हींत फक्त कॅपिटल अक्षरं होती. पॉवेलचा आजही अनेक संगणकांवर सापडतो. लष्करी पेट्या, माल, गोदाम असा भाव त्यातून आपोआप येतो, आणि साबणाच्या नाजूक डबीवर तो भाव नको असतो. ठसठशीत पेटीवर मात्र त्याला तोड नाही. सेरिफची टोकं गोलसर असल्यामुळे तो कापायलाही बरा.

दुसरी परंपरा भूमितीची. १९२० च्या दशकात बाउहाउस या जर्मन कलाशाळेत योसेफ आल्बर्सने चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळाचे भाग एवढ्याच आकारांतून स्टेन्सिल अक्षरं बांधली. पॉल रेनरचा 'फ्युचुरा ब्लॅक' १९२९ चा. हे फॉन्ट दोन-तीन शब्दांच्या नावासाठी देखणे. ओळभर मजकूर लिहिला की वाचणारा दमतो. जाडी प्रचंड असल्याने वर सांगितलेला ब्रिजच्या लांबीचा नियम इथे कडक पाळावा लागतो.

रोजच्या कामासाठी साधे, सेरिफ नसलेले फॉन्ट सर्वांत उपयोगी. मोफत फॉन्टमध्ये 'अ‍ॅलर्टा स्टेन्सिल', 'सायरा स्टेन्सिल वन', 'बिग शोल्डर्स स्टेन्सिल' हे बघण्यासारखे आहेत. सेरिफ हवा असेल तर 'स्टारडॉस स्टेन्सिल'. 'बिग शोल्डर्स'चं रूप उभट, अरुंद आहे, त्यामुळे पेटीच्या चिंचोळ्या बाजूवर लांब नाव बसवायला बरा. पण यातल्या प्रत्येकाचा ब्रिज मोजल्याशिवाय कापायला देऊ नका.

जाड-बारीक रेषांचे नाजूक फॉन्ट, ज्यांच्या केसासारख्या रेषा गायब करून स्टेन्सिल केलेलं असतं, ते छपाईत फार सुंदर दिसतात. ६० मिमीच्या वर ते कापताही येतात, कारण जिथे बारीक रेषा होती तिथेच फट येते आणि ब्रिजची लांबी आपोआप कमी राहते. लहान आकारात मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये. हस्ताक्षरी वळणाच्या स्टेन्सिल फॉन्टबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जोडून लिहिलेल्या अक्षराची गंमत त्याच्या अखंडपणात असते, आणि स्टेन्सिलला तोच परवडत नाही.

देवनागरी: इथे नियम बदलतात

तयार देवनागरी स्टेन्सिल फॉन्ट फार थोडे आहेत आणि जे आहेत त्यांतले सगळे कापण्याजोगे नाहीत. बहुतेक वेळा साधा देवनागरी फॉन्ट घेऊन ब्रिज आपणच द्यावे लागतात. ते वाईट नाही, कारण शब्द बघून ब्रिज ठेवता येतो. पण रोमन अक्षरांची सवय इथे घात करते.

मुख्य अडचण शिरोरेषेची. अख्ख्या शब्दावर अखंड शिरोरेषा कापली तर ती एक लांब फट होते. वरचा भाग खालच्यापासून सुटतो, आणि दोन अक्षरांमधली जागा खालूनच जोडलेली, वर मोकळी लोंबणारी जीभ बनते. ब्रश लागला की ती उचलते. उपाय म्हणून बरेचजण शिरोरेषेला दिसेल तिथे काप देतात आणि तिथेच फसतात. कारण म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या जोड्यांमध्ये फरक दाखवणारी मोठी खूणच मुळी डावीकडे तुटलेली शिरोरेषा असते. मच्या डाव्या अर्ध्यावर ब्रिज ठेवला की दुरून भ वाचला जातो. 'घन'चं 'धन' होतं, 'मान'चं 'भान'. ख मध्ये शिरोरेषा मधोमध कापली तर सरळ 'रव' उमटतो. ग, ण, श यांचा दंड (उजवीकडची उभी रेषा) डाव्या भागाशी फक्त शिरोरेषेने जोडलेला असतो; तिथे काप गेला तर दंड सुटा होऊन काना वाटतो.

म्हणून शिरोरेषा फक्त अक्षराच्या हद्दीवर कापायची, म्हणजे एक अक्षर संपून दुसरं सुरू होतं तिथे. काना हा अक्षराचाच भाग धरायचा आणि काप कान्यानंतर द्यायचा. प्रत्येक हद्दीवर काप दिला तर जीभा वरूनही बांधल्या जातात आणि शब्द तरीही एकसंध वाचता येतो. फक्त हा काप दोन शब्दांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाहून मोठा नको.

अक्षराच्या आतली बेटं शिरोरेषेला हात न लावता सोडवायची. प, फ, म, य, घ, स यांची पोटं वरून शिरोरेषेने बंद झालेली असतात. तिथे शिरोरेषेच्या लगेच खाली, डावी रेषा आणि उजवा दंड जिथे तिला भेटतात, तिथे काप द्या. अक्षर शिरोरेषेखाली किंचित सुटं लोंबतं, ओळख शाबूत राहते, आणि पोट दोन्ही बाजूंनी धरलं जातं. गच्या आणि शच्या दंडालाही तिथेच काप दिला तर आतली जीभ शेजारच्या भागाशी बांधली जाते.

व, च, क यांची गोलाई दंडाला जिथे मिळते त्या दोन्ही सांध्यांवर ब्रिज ठेवा. ब मध्ये तिरकी रेघ पोटाचे दोन भाग करते. रेघेचं एक टोक थोडं आखूड केलं की दोन्ही बेटं जुळतात, मग वसारखंच करा. पण रेघ दोन तृतीयांश तरी शिल्लक हवी, नाहीतर बचा व होतो आणि षचा प. ठच्या वर्तुळाला वर-खाली, ळच्या दोन्ही गोलांना प्रत्येकी दोन ब्रिज लागतात; ळ कापताना घाई नको. त, न, र, ट, द, ह ही आपली सोपी मंडळी.

वेलांटीची कमान बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही टोकांनी टेकलेली असते, म्हणजे कमान आणि शिरोरेषा यांच्यामध्ये बेट तयार होतं. कमानीचं दंडापासून दूरचं टोक थोडं वर उचला. दंडाकडचं टोक शाबूत ठेवा, तिथे तोडलं तर कमान हवेत तरंगते. कमान लांब असेल तर तिच्या माथ्यावर आणखी एक ब्रिज. अनुस्वाराच्या टिंबाला ब्रिज लागत नाही, पण टिंब आणि मात्रा यांच्यामधली शीट हाच एक ब्रिज असतो. 'में', 'नीं' अशा ठिकाणी ती अर्धा मिमी उरते आणि फाटते. टिंब थोडं वर आणि बाहेर सरकवा.

द्ध, द्व, ह्म यांसारखी एकात एक गुंतलेली जोडाक्षरं ६० मिमीच्या आत कापणं म्हणजे शिक्षा. हलंत दाखवून सुटी लिहिली तर वाचायलाही सोपी. रफार मात्र तसाच ठेवा.

पायाभूत फॉन्ट म्हणून एकसारख्या जाडीचा, मोकळ्या पोटाचा फॉन्ट निवडा. 'मुक्ता'चं मध्यम ते जाड वजन, 'खंड', चौकोनी वळण आवडत असेल तर 'टेको'. 'मोदक'सारखा अतिजाड फॉन्ट दिसतो मजेदार, पण त्याची पोटं इतकी अरुंद आहेत की बेट म्हणजे नुसती चिंधी उरते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा. काही फॉन्टमध्ये ही रूपं असतात पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच दिसतात. ती निवड मजकुराचं रूपांतर बाह्यरेषांत करण्याआधी करायची, नंतर काही उपयोग नाही.

फाइल तयार करणं

इंकस्केप हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरतं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, आकार पक्का करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. त्यानंतर 'युनियन', म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करणं, देवनागरीत अनिवार्य आहे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. युनियन केलं नाही तर मशीन त्या प्रत्येक चढीला आडवी रेघ मारतं. स्क्रीनवर भरलेला रंग असताना हे दिसत नाही. म्हणून आउटलाइन दृश्यात जाऊन तपासा.

मग ब्रिजच्या रुंदीचा एक लांबट चौकोन काढा, त्याच्या प्रती हव्या तिथे ठेवा, त्या सगळ्या एकत्र करा आणि 'डिफरन्स'ने अक्षरांतून वजा करा. मूळ अक्षरांची एक प्रत वेगळ्या लेअरवर राखून ठेवा. सगळे ब्रिज एकाच रुंदीचे आणि एकाच दिशेचे असतील तर शब्द आखीव दिसतो. एखादं अक्षर ऐकत नसेल तर दिशा मोडायला हरकत नाही, रुंदी मोडू नका.

दोन अक्षरांमधलं अंतरही ब्रिजइतकं तरी हवं. छपाईसाठीचे फॉन्ट अक्षरं चिकटून बसवतात, रोमनमध्ये ए आणि व्ही जवळ आले की मध्ये धागा उरतो. अंतर सैल करा. शीटच्या चारही बाजूंना ब्रशकामासाठी ५० मिमी कोरी जागा सोडा, स्प्रेसाठी त्याच्या दुप्पट.

किती लांबून वाचायचं आहे

पाट्यांच्या कामात चालणारा जुना हिशोब असा: दर ३ मीटर अंतराला अक्षराची २५ मिमी उंची. १२ मीटरवरून वाचायचं तर १०० मिमी. हा हिशोब अखंड रोमन कॅपिटलचा आहे. स्टेन्सिलच्या फटी दुरून अक्षर खातात, म्हणून मी पाव भाग वाढवतो. देवनागरीत उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजा. मात्रा, वेलांट्या आणि उकार धरून मोजलं तर अक्षर प्रत्यक्षात फार लहान पडतं. वरच्या-खालच्या चिन्हांसाठी जागा वेगळी ठेवावी लागते, एका ओळीला अक्षराच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट.

पॅकेजिंगच्या पेट्या आणि खुणा

माल क्रमांकात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतील तर फॉन्टची पहिली परीक्षा तिथेच. ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच, बी आणि आठ, जी आणि सहा एकाखाली एक कापून बघा. बी आणि आठ यांचे ब्रिज बऱ्याच फॉन्टमध्ये एकाच जागी असतात आणि रंग थोडा पसरला की फरक संपतो. असा फॉन्ट कितीही देखणा असला तरी क्रमांकासाठी बाद. देवनागरी आकडे वापरत असाल तर १ आणि ९ यांच्या गाठीकडे लक्ष द्या.

हाताळणीची चिन्हं ('ही बाजू वर', 'नाजूक माल', 'पाण्यापासून जपा') मनाने रेखाटू नका. आयएसओ ७८० या मानकात ती ठरलेली आहेत. नेहमीची उंची १०० , १५० किंवा २०० मिमी आणि रंग काळा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या लाकडी पेट्यांवर लागणाऱ्या आयएसपीएम १५ (लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेलं मानक) च्या खुणेतही स्टेन्सिलचा विचार केलेला आहे: चौकटीत आणि उभ्या रेषेत स्टेन्सिलसाठी लहान फटी चालतात. ती खूण हाताने चितारता येत नाही, आणि लाल-नारिंगी रंग टाळायचे असतात, कारण ते धोकादायक मालाच्या लेबलांचे. ही खूण मारण्याचा अधिकार मान्यताप्राप्त उत्पादकालाच असतो, तेव्हा 'छान दिसते' म्हणून सजावटीला वापरू नका.

घटक, वजन, तारखा असा बारीक मजकूर स्टेन्सिलमध्ये लिहू नये. तो छापील लेबलवर द्या, नाव आणि मोठी अक्षरं स्टेन्सिलने. दोन्हींचा मेळ बसवायचा असेल तर लेबलला त्याच कुळातला साधा फॉन्ट निवडा.

लायसन्स

'मोफत' या शब्दावर विसंबू नका. अनेक फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत असतात आणि विक्रीच्या मालावर तो वापर संपतो. ओपन फॉन्ट लायसन्सचे फॉन्ट व्यावसायिक कामाला चालतात, कापता येतात, बदलताही येतात. बदललेला फॉन्ट फाइल म्हणून वाटायचा असेल तर मूळ कर्त्याने राखून ठेवलेलं नाव वापरता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. विकत घेतलेल्या फॉन्टची गोष्ट वेगळी: त्यापासून कापलेली स्टेन्सिल शीटच विकायची असेल, तर तशी परवानगी अनेकदा स्वतंत्र घ्यावी लागते. वर्णमालेचे तयार संच विकणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

कापण्याआधीची चाचणी

अख्खं काम कापायला घेण्याआधी एकच अवघड शब्द त्याच मापात, त्याच शीटमध्ये कापा. रोमनसाठी बी, ए, आर, एस, आठ एकत्र येतील असं काहीतरी. देवनागरीत 'घमघमाट', 'बखळ' किंवा 'थवा, यवन, भय' असे शब्द. हाताने कापत असाल तर आधी पोटं आणि बारीक वळणं, मग मोठ्या रेषा. शीट फिरवा, सुरी नाही. पहिल्यापासून मोठे भाग काढले तर शीट लवचिक होते आणि बारीक काम हलतं.

आता ज्यावर काम करायचं आहे तशाच तुकड्यावर, मध्ये न पुसता, लागोपाठ पाच छाप काढा. पहिला छाप सगळ्याच फॉन्टचा चांगला येतो. पाचवा बघा. कुठे रंग साचला, कुठला ब्रिज वाकला, कुठली फट बुजली ते तिथे कळतं. छाप ठरलेल्या अंतरावर उभा करून शब्द माहीत नसलेल्या माणसाला वाचायला सांगा. तुम्हाला तो शब्द पाठ असतो, तुमचे डोळे चूक झाकतात. तो अडखळला तर अडखळलेल्या अक्षराचाच ब्रिज हलवा, लगेच फॉन्ट बदलायला धावू नका. दोन-तीन अक्षरांहून जास्त ठिकाणी अडखळला तर मात्र फॉन्ट बदला.

पास झालेल्या शीटच्या कोपऱ्यात कायम शाईने फॉन्टचं नाव, अक्षराची उंची, ब्रिजची रुंदी आणि कोणता रंग वापरला ते लिहून ठेवा. पाण्याचा रंग सुकण्याआधी शीट सपाट ठेवून स्पंजने पुसा, ब्रिजच्या दिशेनेच, आडवं घासू नका. ठेवताना दोन शीटमध्ये कागद घाला आणि आडव्या ठेवा. एखादा ब्रिज तुटलाच तर दोन्ही बाजूंनी पातळ टेप लावून फटीतली जादा टेप सुरीने कापून घ्या, शीट पुन्हा कामाला येते.